मन्यार सरांची एस.टी.

आमच्या दवाखान्याच्या डोळे विभागात एक अंधारी खोली आहे. तिच्या शेवटच्या भिंतीवर एक एस.टी. उभी असते. लाल रंगाची, वहीच्या पानाएवढी, पुठ्ठ्यावर रंगवलेली. तिच्यावर झिरोचा एक बल्ब टांगलेला आहे. बसच्या कपाळावर पाटीपुरती खाच कापलेली आहे आणि तिच्यात गावाच्या नावाची पट्टी सरकवता येते. पट्ट्या खाली चपलेच्या खोक्यात ठेवलेल्या असतात. शिरपूर, साक्री, दोंडाईचा, यावल, रावेर, अशा तीस-चाळीस तरी असतील.

ही एस.टी. मन्यार सरांची. सर आता इथे नाहीत, जानेवारीत त्यांची बदली झाली. बस मात्र त्यांनी नेली नाही. कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी एखाद्या शिक्षकावर लिही, असं मला सांगितलं तेव्हा मी आधी नाहीच म्हणाले. मला लिहायची सवय नाही. पण परवा त्या खोलीत गेले, बल्ब लावला आणि वाटलं, जमेल तसं लिहून ठेवावं.

बस कशासाठी, ते आधी सांगते. डोळ्याच्या आतला पडदा बघायला एक छोटं यंत्र असतं. पेशंट त्याला बॅटरी म्हणतात आणि सरांमुळे आम्हीही बॅटरीच म्हणायला लागलो. तिच्यातून नीट दिसायचं तर पेशंटने लांब, एका जागी बघत राहावं लागतं. ‘समोर बघा’ म्हटलं की माणूस नेमका डॉक्टरच्या तोंडाकडे बघतो. म्हणून सर आधी गाव विचारायचे, त्या बाजूची पट्टी लावायचे आणि मग बॅटरी हातात घ्यायचे.

कापडण्याचा एक म्हातारा आला होता, तेव्हाचं मला अजून आठवतं.

“आबा, गाडी उनी का?”

“उनी.”

“पाटी वाच.”

“माले वाचता नही येस.”

“मंग ड्रायव्हर दिखस का?”

आबांनी बराच वेळ निरखून बघितलं. “ड्रायव्हर नही शे ना, डॉक्टरभाऊ!”

“चहा पेवाले गया व्हई. येस तोपर्यंत बघत ऱ्हाय.”

आबा ड्रायव्हरची वाट बघत राहिले आणि तेवढ्यात सरांचं त्यांचे दोन्ही डोळे बघून झालं. उठताना आबा ड्रायव्हरवर वैतागून म्हणाले, “नेहमीनं शे यासनं.”

सर बुटके, रुंद खांद्यांचे होते. शर्टच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या असायच्या. विद्यार्थ्यांना ते नावाने हाक मारत नसत, गावाने मारत. “नंदुरबार कुठे गेला? चोपडा, दार लाव.” मी बोदवडकडची, म्हणून मी बोदवड. माझे वडील रेल्वेत गँगमन आहेत. आमच्या घरातून दवाखान्यात आजवर पुष्कळ माणसं गेली, पण शिकायला गेलेली मी पहिलीच. त्यामुळे की काय, वर्गात शंका विचारायला माझा हात अर्धाच वर जायचा. सरांनी तो पहिल्याच आठवड्यात पकडला. “बोदवड, हात करायचा तर पूर्ण कर. अर्ध्या हाताला एस.टी.पण थांबत नाही.” सगळे हसले. मीही हसले आणि हात खाली घेतला. “आता वर कर,” सर म्हणाले, “आणि विचार.”

त्यांच्या खिशात गोळ्यांच्या एका रिकाम्या डबीत लवंगा असायच्या. बॅटरीने बघताना आपलं तोंड पेशंटच्या नाकाशी जातं, म्हणून प्रत्येकाने लवंग चघळूनच आत यायचं, हा त्यांचा पहिला नियम. दुसरा नियम, पेशंटचा उजवा डोळा आपल्या उजव्या डोळ्याने बघायचा आणि डावा डाव्याने. “नाहीतर नाकाला नाक लागतं. आपण डोळे तपासायला बसलोय, लग्न जमवायला नाही.”

तिसरा नियम लसणाचा होता आणि तो फक्त त्यांनी स्वतःला लावला होता. खानदेशात हिवाळ्यात वांग्याचं भरीत टाळून राहणं किती अवघड, ते इथल्या माणसाला सांगायला नको. तुरीच्या काड्यांवर भाजलेली वांगी, हिरवी मिरची, कांद्याची पात आणि लसूण. सरांचा त्यावर फार जीव. पण सोमवार ते शनिवार ते भरिताला हात लावत नसत. दुपारी कोणाच्या डब्यातून वास आला की खिडकीशी जाऊन उभे राहत. “माझा उपास आहे. सहा दिवसांचा. रविवारी सोडतो.” रविवारी किती भाकरी होत, ते ते कधी सांगत नसत.

सरांचे वडील बांगड्यावाले होते. आठवडे बाजारांत पथारी लावायचे. सर म्हणत, “बांगडी भरणं अब्बांकडून बघितलं, म्हणून डोळा बघता आला. हात आवळून धरला की बांगडी फुटते. अब्बा बाईला विचारायचे, पोरगी कितवीत, जावई कसा. ती सांगत बसायची आणि हात आपोआप सैल पडायचा. डझनभर बांगड्या कधी भरल्या ते तिला कळत नसे.” पेशंटचं मनगट ते धरायचे ते असंच, चार बोटांनी, सैलसं. त्याच वेळी नाडी बघतायत की गप्पा मारतायत, ते आम्हाला कळायचं नाही.

आणि त्यांची लाल-निळी पेन्सिल. एका टोकाला लाल, दुसऱ्याला निळी. केसपेपरवर दोन गोलांचा रबरी शिक्का मारायचा, एक उजवा डोळा, एक डावा. आत जे दिसेल ते काढायचं. लाल टोकाने शुद्ध रक्ताच्या नसा, निळ्याने अशुद्ध रक्ताच्या. चित्र पूर्ण होईपर्यंत रोगाचं नाव तोंडातून काढायचं नाही. नाव एकदा डोक्यात बसलं, की डोळे तेच दाखवायला लागतात, असं त्यांचं म्हणणं होतं.

मला पहिले कितीतरी दिवस काहीच दिसत नव्हतं. नुसता लाल उजेड. बाकीचे भराभर चित्रं काढायचे. एके दिवशी मला लाज वाटली आणि मी पुस्तकातलं चित्र आठवून छान काढलं. मेंदूकडची नस जिथून डोळ्यात येते तो पिवळसर गोल, बशीसारखी त्याची स्वच्छ कड, त्यातून फुटलेल्या लाल-निळ्या वाटा. सरांनी कागद हातात घेतला, माझ्याकडे बघितलं, पुन्हा कागदाकडे बघितलं.

“हाई चित्र पुस्तकनं शे,” ते हळूच म्हणाले. “पुस्तकात उजवा डोळा छापलाय. तू बघितलास डावा. बिचाऱ्याच्या डाव्या खोबणीत उजवा डोळा बसवून दिलास.”

मला रडू येणार होतं. सरांनी कागद फाडला नाही. त्याच्या खाली नवीन शिक्का मारला आणि गोल तसेच रिकामे ठेवून म्हणाले, “खाली लिही, दिसलं नाही. ते लिहिता येतं. त्याला कोणी मार्क कापत नाही. मी तर नाही.”

त्यानंतर रोज मी ‘दिसलं नाही’ लिहीत गेले. मग ‘एक नस दिसली’. मग ‘गोल दिसला, अर्धा’. रोज संध्याकाळी सर एकच विचारायचे, “बोदवड, कड दिसते का?” आणि एक दिवस खरंच दिसली. मी इतक्या जोरात ‘दिसली!’ म्हटलं की पेशंट दचकला आणि कड गेली.

शोभाताई आल्या त्या जून महिन्यात. रावेरकडच्या एका गावात त्या अंगणवाडी चालवतात. माहेर धुळ्याचं. माहेरी आल्या होत्या, तर चष्म्याचा नंबर काढून जावा म्हणून आल्या. सोबत त्यांचे मालक सुभाषभाऊ होते, केळीच्या ट्रकवर ड्रायव्हर. ताईंचं डोकं दोन महिन्यांपासून दुखत होतं. सकाळी जास्त, वाकलं की आणखी जास्त. मधेच उलटी. खालून उठलं की क्षणभर डोळ्यांपुढे सगळं राखाडी व्हायचं. गावात कोणी पित्त म्हणालं, कोणी ऊन. त्यांना त्याचं एवढं वाटत नव्हतं. त्यांना काळजी होती परीक्षेची. अंगणवाडीच्या पर्यवेक्षिकेची परीक्षा होती डिसेंबरात. “रोज दोन पानं वाचते आणि अक्षरं पळायला लागतात हो. पहिल्यांदाच बसतेय परीक्षेला. एवढं चष्म्याचं करून द्या.”

सरांनी रावेरची पट्टी लावली आणि मला सांगितलं, “आधी तू बघ.”

मी उजवा बघितला, डावा बघितला, पुन्हा उजवा बघितला. नसा दिसत होत्या, निळ्या तर चांगल्या जाड, वळणावळणाच्या. गोलाची जागाही सापडली. पण कड काही सापडेना. सगळं कापसासारखं. मला वाटलं, झालं, मी पुन्हा पहिल्या दिवसावर आले. चित्र काढताना निळं टोक खूप झिजलं. खाली मी लिहिलं, ‘कड दिसली नाही. दोन्ही डोळ्यांत.’ आणि मान खाली घालून कागद दिला.

सर बघायला बसले. नेहमी ते एकदाच बघायचे. त्या दिवशी दोन्ही डोळे दोनदा बघितले. उठले तेव्हा त्यांनी माझ्या कागदावर दुसरं काही काढलं नाही, फक्त खाली सही केली.

“बोदवड, तुला दिसली नाही, कारण ती नाहीच आहे.”

बाहेर येऊन त्यांनी आम्हाला व्हरांड्यात समजावलं. “कवटी म्हणजे एस.टी. पत्रा सरकत नाही. आत मेंदू, रक्त आणि पाणी असे तीन पॅसेंजर ठरलेले. जागा नसताना आणखी कोणी चढलं, तर काय होतं? खिडकीतून कोपर बाहेर येतं. डोळा ती खिडकी. नसेचं टोक फुगून बाहेर आलंय, ते आपल्याला दिसलं. आत कोण चढलंय, ते इथून दिसत नाही. त्याला मेंदूचा फोटो लागेल.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “आणि फार दिवस दाब राहिला, तर नस वाळते. मग चष्मा कितीही नंबरचा द्या.”

जळगावला सीटी स्कॅनचं मशीन नुकतंच आलं होतं. सरांनी स्वतः चिठ्ठी लिहिली. ‘गाठ’ हा शब्द त्यांनी उच्चारला नाही, पण सुभाषभाऊंना तो कळला होता. ट्रक चालवणारा तो मोठा माणूस केसपेपर दोन्ही हातांनी धरून उभा होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं परत आले ते पेढ्यांचा पुडा घेऊनच. फोटो नॉर्मल. गाठ नाही. सुभाषभाऊंनी सगळ्या व्हरांड्याला पेढे वाटले, झाडूवाल्या मावशींना दोन दिले. सरांनी ती मोठी फिल्म खिडकीच्या काचेला लावून शेवटच्या चौकटीपर्यंत बघितली. आनंद त्यांनाही झाला. पेढा हातात घेतला. आणि तो हातात तसाच ठेवून म्हणाले, “ताई, जरा आत बसा.”

आत पुन्हा बॅटरी. पुन्हा दोन्ही डोळे. बाहेर येऊन सरांनी पेढा टेबलाच्या खणात ठेवला.

सुभाषभाऊंचा चेहरा उतरला. “डॉक्टरभाऊ, मले येक सांगा. तिकडचं मशीन खोलीयेवढं, तुमची बॅटरी बोटायेवढी. मंग खरं कोनाचं?”

“दोघांचंही,” सर म्हणाले. “मशीन सांगतं, गाठ नाही. फार चांगलं झालं. पण दाब किती, ते त्याला सांगता येत नाही. तुमचा रिकामा ट्रकही फोटोत चांगलाच दिसतो. टायरमधली हवा फोटोत दिसते का?”

सुभाषभाऊ विचारात पडले. “नाही दिसत. हातोडीनं ठोकून पाह्यतो आमी.”

“मग मीही ठोकूनच बघतोय.”

गाठ नाही हे कळल्यामुळे आता पाठीच्या मणक्यातून पाणी काढून दाब मोजणं सुरक्षित होतं. मेडिसिनच्या सरांनी ते केलं. पाणी स्वच्छ होतं, जंतू नव्हते. दाब मात्र खूप. म्हणजे एस.टी.त जादा पॅसेंजर कोणी नाही आणि कोपर तरीही बाहेर. सगळे बुचकळ्यात पडले.

सर ताईंच्या कॉटजवळ स्टूल ओढून बसले आणि बांगड्यावाल्यासारखे गप्पा मारायला लागले. अंगणवाडीत पोरं किती, खिचडी कोण करतं, सासूबाई कशा आहेत. बोलता बोलता त्यांनी ताईंचं मनगट धरलं आणि तळहात उलटा केला. तळव्याची सालं निघत होती. ओठही फुटलेले होते, तेही जूनमध्ये.

“हे कशाने हो?”

“केळीच्या चिकानं असेल.”

“केसही गळतात?”

ताई चकित झाल्या. “तुम्हाला कसं कळलं?”

“औषध काही चालू आहे?”

“नाही बाई. मी डोकेदुखीची गोळीसुद्धा घेत नाही.”

“औषध नाही. टॉनिक, शक्तीचं काही?”

ताईंचा चेहरा एकदम उजळला. “ते होय! ते तर तुम्हीच सांगितलेलं. आमच्याकडे डिसेंबरात डोळ्यांचं शिबिर झालं, तेव्हा तुम्ही भाषणात म्हणाला होता ना, अ जीवनसत्त्व म्हणजे डोळ्यांचं तेल. दिव्यात तेल घातलं तर दिवा उजळतो. मी वहीत लिहून ठेवलंय. आमच्याकडे लहान पोरांना पाजायच्या बाटल्या असतात. पोरांचं झालं की तळाला उरतं. अभ्यासानं डोळे थकायचे, म्हणून मी दर सोमवारी एक चमचा घेते. एक सोमवार चुकवला नाही!”

पोरांना तो चमचा सहा महिन्यांतून एकदा देतात. जास्त झालं की ते अंगात साठतं, सालं काढतं, केस गाळतं आणि कवटीतला दाब वाढवतं.

सरांनी ताईंचा तळहात हळूच खाली ठेवला. मग त्यांचे रुंद खांदे हलायला लागले. आधी मला वाटलं ते हसतायत. हसतच होते, पण डोळे पुसतही होते. त्यांनी केसपेपर मागवला आणि आमच्या सगळ्यांसमोर स्वतःच्या अक्षरात लिहिलं, ‘कारण: अ जीवनसत्त्व, प्रमाणाबाहेर. सुचवणारा: डॉ. मन्यार.’ मेडिसिनचे सर म्हणाले, “अहो, असं लिहीत नाहीत.” सर म्हणाले, “दिसलं ते लिहायचं, असं मी पोरांना शिकवतो.”

ताई घाबरून गेल्या. “माझं चुकलं का हो?”

“माय, तू एक सोमवार चुकवला नाहीस. एवढं ऐकणारी विद्यार्थिनी मला कॉलेजात मिळाली नाही.” मग आमच्याकडे वळून, “बोदवड सोडून.” मला वाटतं ते उगाच म्हणाले असतील.

चमचा बंद झाला. दाब उतरायची गोळी सुरू झाली. आधी दर आठवड्याला, मग दर महिन्याला ताई रावेरहून धुळ्याला येत राहिल्या. प्रत्येक वेळी मी चित्र काढायची आणि सर स्वतः बघून सही करायचे. डोकेदुखी आधी गेली. कड मात्र सावकाश यायची, आधी एका बाजूने, मग खालून. नोव्हेंबरात डाव्या डोळ्याचा वरचा तुकडा अजून पुसटच होता. सर चित्रं एकाखाली एक लावून बघत बसायचे. ताईंना ते एवढंच म्हणत, “अभ्यास करा. पण दिवा लावून, तेल पिऊन नाही.”

डिसेंबरात परीक्षा झाली आणि पुढच्याच आठवड्यात रावेरकडे पुन्हा शिबिर होतं. सरांनी मला बरोबर नेलं. शाळेच्या पटांगणात गावातली माणसं बसलेली, पलीकडे केळीचे घड भरलेले ट्रॅक्टर उभे. सर भाषणाला उभे राहिले. एका हातात बाटली, दुसऱ्यात चमचा. “मागच्या वर्षी इथेच मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. म्हणजे अर्धं सांगितलं. उरलेलं अर्धं आज सांगतो.” पहिल्या ओळीतून शोभाताई ओरडल्या, “भाऊ, चमचा कोणाचा ते आधी सांगा!” “पोरांचा,” सर म्हणाले. “किती महिन्यांनी?” “सहा.” “मोठ्या माणसांनी?” “हात लावायचा नाही!” त्यांची अशी सवालजबाबासारखी जुगलबंदी चालली, की म्हाताऱ्यासुद्धा शेवटी ‘सहा!’ म्हणून ओरडायला लागल्या.

दुपारपर्यंत सगळे पेशंट संपले. जेवायला केळीच्या पानावर भरीत होतं. लसणाचा वास पटांगणभर पसरला होता. वार बुधवार होता. मी सरांकडे बघितलं. सरांनी पानाकडे बघितलं, लवंगांची डबी खिशात सारली आणि मांडी घालून बसले. तीन भाकरी खाल्ल्या. मी त्यांना बुधवारी भरीत खाताना पहिल्यांदा बघत होते.

हात धुऊन झाल्यावर शोभाताई पदराला हात पुसत आल्या. दिवसभर त्या वाढण्यात आणि रांगा लावण्यात होत्या. “भाऊ, सगळ्या गावाचं झालं, माझंच राहिलं.”

सरांनी तोंडावर हात धरला. “माझं तोंड आता कोणाजवळ नेण्यासारखं नाही. बोदवड बघेल.”

“पण सर, सही...” मी म्हणाले.

“तुझीच कर.”

ताईंचं राहिलंय, हे सरांच्या लक्षात नव्हतं, असं मला अजूनही वाटत नाही.

शाळेच्या एका वर्गाच्या खिडक्यांना घोंगड्या लावून आम्ही अंधार केला होता. मी लवंग तोंडात टाकली. ताई बाकावर बसल्या. मी त्यांचं मनगट धरलं, सैलसं, चार बोटांनी. त्यांचंच काय ते विचारलं, पेपर कसा गेला. त्या सांगायला लागल्या. सर दवाखान्यातून बरोबर आणलेली एस.टी. हातात घेऊन वर्गाच्या पार दुसऱ्या टोकाला गेले आणि दार अर्धं उघडून त्या उजेडात बस डोक्याएवढ्या उंचीवर धरून उभे राहिले.

उजवा डोळा. लाल पडदा, नसा, निळ्या नसा आता बारीक, सरळ. मग डावा. मी वरच्या तुकड्याकडे गेले आणि तिथेच थांबले. घाई केली नाही.

“ताई, गाडीची पाटी वाचा,” सर लांबून म्हणाले.

“वाचते की. बोद... वड.” ताई थबकल्या. “भाऊ, पट्टी चुकली. आमची गाडी रावेरची.”

“राहू द्या आज तीच. बोदवड, कड?”

मी अर्धा हात वर केला. मग पूर्ण केला.

“दिसते, सर. सगळीकडून.”

बॅटरी खाली घेऊन मी बघितलं. दाराच्या उजेडात सर तसेच उभे होते. ती लाल एस.टी. त्यांनी डोक्यावर आणखी उंच धरली होती आणि खड्ड्यांच्या रस्त्यावरून चालल्यासारखी हळूहळू हलवत होते.